परड्यातले मानकरी

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात घरामागं परडं असलं की तिथं चार-सहा कोंबड्या आणि एखादा कोंबडा बहुधा दिसतोच. त्यांच्यावर फारसा खर्च होत नाही. उकिरडा, गोठ्यात सांडलेले दाणे, भाताचा कोंडा, पावसाळ्यातले किडे यांवर त्या पोसल्या जातात. हिशोब बहुतेक घरांत बाईच्या हातात असतो आणि तिच्या तक्रारीही ठरलेल्या असतात. बाजारातून आणलेल्या तलंगीला जुन्या कोंबड्यांनी टोचून रक्तबंबाळ केलं, कोंबडा माजलाय, दोन कोंबडे एका जागी नांदत नाहीत, अमक्या कोंबडीला कुणी दाण्याजवळ येऊ देत नाही. यावर मिळणारं उत्तरही ठरलेलं: पाखराची जातच ती, बळी तो कान पिळी, आपण काय करणार? कोंबड्यांच्या या वागण्याचा गेली शंभर वर्षं बारकाईनं अभ्यास होत आला आहे आणि तो समोर ठेवला की हे उत्तर निम्मंच खरं असल्याचं दिसतं. कोंबड्यांत उतरंड असते, यात शंका नाही. पण ती उतरंड रोजची भांडणं वाचवते. परड्यात रक्त निघतं ते बहुतेक वेळा ही उतरंड मोडल्यामुळं, आणि ती मोडणारा हात बहुतेक वेळा आपलाच असतो.

या अभ्यासाची सुरुवात नॉर्वेतल्या एका मुलाच्या छंदातून झाली. १८९४ साली जन्मलेला थोरलाइफ शेल्डेरुप-एब्बे लहानपणापासून कोंबड्यांकडं तासन्‌तास बघत बसायचा आणि कोण कोणाला टोचते याच्या नोंदी ठेवायचा. पुढं तो प्राणिशास्त्रज्ञ झाला आणि १९२२ साली त्यानं जर्मन भाषेत हे निष्कर्ष मांडले. कळपातल्या कोणत्याही दोन कोंबड्या घेतल्या तर त्यांतली एक टोचणारी आणि दुसरी टोचून घेणारी असते. हे नातं एकदा ठरलं की महिनोन्‌महिने टिकतं. सर्वांत वरची सगळ्यांना टोचू शकते, सर्वांत खालची कुणालाच नाही. त्यानं आणखी एक गोष्ट नोंदवली, आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची आहे. कधी कधी या क्रमात तिढा असतो. तांबडी काळीला दबवते, काळी कवडीला दबवते, आणि कवडी मात्र उलटून तांबडीला दबवते. नुसत्या ताकदीवर क्रम ठरला असता तर असा तिढा कधीच पडला नसता. याचा अर्थ, क्रम हा कोंबडीच्या अंगातला गुण नव्हे. तो दोघींमधला ठराव आहे, आणि कळपाची उतरंड म्हणजे अशा जोडीजोडीच्या ठरावांची बेरीज.

हा ठराव कशावर ठरतो, याचा शोध अमेरिकेत निकोलस कॉलियस यांनी १९४३ साली घेतला. एकमेकींना कधीही न पाहिलेल्या कोंबड्या त्यांनी समोरासमोर सोडल्या आणि पहिल्या भेटीत कोण जिंकते ते पाहिलं. वजनाचा प्रभाव अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाला. पिसं गळण्याचा काळ चालू आहे की नाही आणि तुरा किती मोठा आहे, याला जास्त महत्त्व होतं. आपल्या मूळ कळपात ती कोंबडी वर होती की खाली, याचाही परिणाम दिसला. घरी हार खात आलेली कोंबडी परक्या ठिकाणीही लवकर माघार घेते. आपल्याकडं बाजारातून कोंबडी घेताना ती हातात उचलून वजनाचा अंदाज घेतला जातो. खाणाऱ्याला ते पुरेसं आहे. पण जी परड्यात सोडायची आहे तिचा तुरा लाल आणि ताठ आहे का, ती पिसं गाळतेय का, हे बघणं जास्त उपयोगाचं. पिसं गाळणारी, फिक्या तुऱ्याची कोंबडी पावसाळ्याच्या अखेरीस परक्या कळपात सोडणं म्हणजे तिला मार खायला सोडण्यासारखंच.

एकदा क्रम ठरला की परड्यात काय चालतं ते सकाळी दाणे टाकताना दिसतं. वरच्या मानाची कोंबडी सरळ मधे येते आणि मान उंच करते. खालची तिच्याकडं न बघता मान खाली घालते, दोन पावलं बाजूला सरकते आणि कडेचे दाणे वेचायला लागते. टोचाटोची होत नाही. होण्याआधीच ती टळलेली असते. १९४४ साली गुल आणि ॲली या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी याची परीक्षा घेतली. काही कळप त्यांनी तसेच ठेवले आणि काहींतल्या कोंबड्या ठरावीक काळानं काढून त्यांच्या जागी परक्या कोंबड्या घालत राहिले. सतत बदलणाऱ्या कळपांत टोचाटोची जास्त झाली, कोंबड्यांनी खाल्लं कमी, त्यांचं वजन नीट राहिलं नाही आणि अंडीही कमी मिळाली. जे कळप तसेच राहिले, त्यांत उतरंड होतीच, पण ती शांत होती. परड्याच्या अर्थकारणाचा विचार करणाऱ्या प्रत्येकानं हा प्रयोग लक्षात ठेवावा असं मला वाटतं, कारण आपण नेमकं तेच करतो: दर दोन-तीन महिन्यांनी कळप मोडतो, नवा जोडतो आणि मग अंडी का घटली म्हणून खाद्याला दोष देतो.

या शांततेचा पाया ओळख हा आहे. कोंबडी समोरच्या कोंबडीला मुख्यतः डोक्यावरून आणि मानेवरून ओळखते. गुल आणि ऑर्टमन यांनी १९५३ साली कोंबड्यांच्या वेगवेगळ्या भागांचा रंग आणि आकार बदलून पाहिला. डोकं, तुरा आणि मान बदललेल्या कोंबड्यांवर जुन्या सोबतिणींनीच परकी समजून हल्ला केला. बाकी अंगावरच्या बदलांनी तेवढा फरक पडला नाही. शेजाऱ्याच्या कोंबड्यांत आपली मिसळू नये म्हणून रंग लावायची पद्धत आपल्याकडं आहे. तो रंग पंखावर किंवा पाठीवर लावावा, डोक्यावर कधीच नाही. ही ओळख कायमचीही नसते. दोन-तीन आठवडे एकमेकींच्या नजरेआड राहिलेल्या कोंबड्या पुन्हा परक्यासारख्या भिडतात. म्हणून खुडूक कोंबडी घरात डालग्याखाली बसवली तरी रोज दाणापाण्यासाठी तिला इतरांमधे सोडणं शहाणपणाचं. एकवीस दिवस ती कुणाला दिसलीच नाही, तर पिल्लं घेऊन बाहेर येईल तेव्हा तिला आपली जागा नव्यानं मिळवावी लागेल. पिल्लं असलेली कोंबडी एरवीपेक्षा कितीतरी आक्रमक होते म्हणून ती निभावून नेते. पण तोवर एखाद-दुसरं पिल्लू तुडवलं जायची भीती असतेच.

आता कोंबड्याकडं वळू. कोंबड्यांची आणि कोंबड्याची उतरंड वेगवेगळी असते, हे फार थोड्यांना माहीत असतं. पूर्ण वाढ झालेला कोंबडा कोंबड्यांशी मानासाठी भांडत नाही. त्याची स्पर्धा दुसऱ्या कोंबड्याशी असते. या स्पर्धेची चावी त्याच्या शरीरात कुठं आहे हे १८४९ सालीच कळलं होतं. गॉटिंगेनच्या आर्नोल्ड बर्टहोल्ड यांनी कोवळ्या कोंबड्यांचे वृषण काढले तेव्हा त्यांचा तुरा वाढला नाही, ते नीट आरवले नाहीत, भांडलेही नाहीत. ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा रोपला, त्यांत तुरा, आरव आणि भांडण सगळं परत आलं. संप्रेरकांच्या शास्त्राची ही पहिली पायरी मानली जाते. म्हणजे लालभडक ताठ तुरा ही त्या पुरुषी रसाची उघड्यावर लावलेली पाटी आहे, आणि कोंबड्याही ती वाचतात. रानटी तांबड्या कोंबड्यांवरच्या प्रयोगांत माद्यांनी मोठ्या तुऱ्याचे नर निवडले. पिसांच्या चमकेला त्यांनी तेवढी किंमत दिली नाही. मादीची निवड तिथंच थांबत नाही. पिझारी आणि बर्कहेड यांनी २००० साली दाखवून दिलं की खालच्या मानाच्या कोंबड्यानं बळजबरीनं संग केला तर कोंबडी त्याचं वीर्य बऱ्याचदा लगेच बाहेर टाकते. ‘कोंबड्या बिचाऱ्या, कोंबडा त्यांचा राजा’ हे चित्र यामुळं बरंच बदलतं. राजा कोण हे ठरवण्यात प्रजेचाही हात असतो.

राजेपणाच्या बदल्यात त्याला काय करावं लागतं, हा या सगळ्या अभ्यासातला सर्वांत सुंदर भाग. कोंबड्याला उकिरड्यात अळी सापडली की तो ती लगेच गिळत नाही. उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो, मान वर-खाली हलवत भरभर कुट्‌कुट्‌ करतो. कोंबड्या धावत येतात आणि अळी त्यांच्या चोचीत जाते. आसपास मादी असेल तर हे बोलावणं वाढतं, एकटा असेल तर कमी होतं. इव्हान्स आणि मार्लर यांच्या प्रयोगांतून दिसलं की धोक्याची हाकही दोन प्रकारची असते. वर घारीसारखं काही दिसलं तर लांब, बारीक, कुठून येतो ते पटकन कळू नये असा आवाज. जमिनीवर मुंगूस किंवा कुत्रा दिसला तर तुटक, मोठा कटकटाट. पहिल्या हाकेला कोंबड्या आडोशाला पळतात, दुसरीला मान उंच करून टेहळतात. ऐकायला कुणी नसेल तर कोंबडा घार पाहूनही बहुधा गप्प राहतो. दुसरा, खालच्या मानाचा कोंबडा काय करतो हेही सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातल्या संशोधकांनी पाहिलं. थोरला जवळ असला की धाकटा आवाज न काढता नुसतीच मान हलवून कोंबडीला बोलावतो, म्हणजे थोरल्याला कळायचं नाही. हे सगळं निव्वळ परोपकारानं चालतं असं मी म्हणत नाही. कोंबडी लांब असली की खायचं काही नसतानाही बोलावणारे कोंबडे नोंदले गेले आहेत, आणि राखण करतो तो शेवटी स्वतःच्या पिल्लांच्या आयांची. पण हेतू काही असला तरी काम होतं. कळपात एक जबर कोंबडा असला की कोंबड्यांची आपापसातली भांडणं कमी होतात, हेही प्रयोगांत दिसून आलं आहे.

आरवण्यातही मान असतो. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ही म्हण आपल्याला पाठ आहे; कोंबडं झाकलं तरी ते आरवायचं राहत नाही, हे जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या शिम्मुरा आणि योशिमुरा यांनी २०१३ साली दाखवलं. कायम मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही अंगातल्या घड्याळानुसार पहाटेच्या सुमाराला आरवत राहिले. दोन वर्षांनी त्यांनी पुढची गोष्ट मांडली. एकत्र ठेवलेल्या कोंबड्यांत पहाटेची पहिली बांग सर्वांत वरच्या मानाच्या कोंबड्याची असते, त्याच्यामागून दुसरा, मग तिसरा. पहिल्याला तिथून हलवलं तर दुसरा पुढची पहाट सुरू करतो. ज्या परड्यात दोन-तीन कोंबडे आहेत तिथं थोरला कोण, हे ठरवायला झुंज बघायची गरज नाही. पहाटे कान दिला तरी पुरे.

इतकं सगळं कोंबड्यांनी स्वतः बसवलेलं असताना आपण त्यात काय करतो? आपल्या भागात कळप सर्वांत जास्त मोडला जातो तो जत्रेच्या आणि देवकार्याच्या दिवसांत. म्हसोबाला, लक्ष्मीला, शेताच्या राखणीला कोंबडा लागतो, पाहुण्यांसाठीही लागतो, आणि तो भरल्या अंगाचा, लाल तुऱ्याचाच लागतो. म्हणजे पहिला जातो तो थोरला. श्रद्धेबद्दल किंवा खाण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. कोंबडं पाळायचं ते त्यासाठीच. पण थोरला अचानक गेला की उरलेल्या धाकट्यांमधे नव्यानं जुंपते, त्यांच्या धावपळीत कोंबड्यांच्या पाठी सोलवटतात, आणि नेमकं त्याच आठवड्यात बाजारातून ‘आणखी एक’ आणून सोडला जातो. त्यात आता जातींची सरमिसळ झाली आहे. बेंगळुरूच्या हेब्बाळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून आलेली गिरिराजा, हैदराबादच्या संस्थेची वनराजा, मध्य प्रदेशातल्या झाबुआची कडकनाथ आणि आपली गावठी एकाच उकिरड्यावर चरतात. सरकारी योजनांतली पिल्लंही चार आठवड्यांची करून तुकड्यातुकड्यांनी दिली जातात. पिल्लांमधला क्रम साधारण सहा ते दहा आठवड्यांत आकार घेतो, त्यामुळं पहिल्या तुकडीला काही अडचण येत नाही. पण काही महिन्यांनी दुसरी तुकडी येते तेव्हा पहिली वयात आलेली असते, आणि कोवळ्या पिल्लांना तयार उतरंडीला सामोरं जावं लागतं. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशातल्या परसातल्या कोंबड्या सात वर्षांत सुमारे ४६ टक्क्यांनी वाढून ३१ कोटी ७० लाखांवर गेल्या. एवढ्या मोठ्या विस्तारात पिल्लाची जात, लस आणि खाद्य यांवर बोललं जातं. कळप कसा जोडावा यावर फारसं कुणी बोलत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की जी मार खाते ती मुळातच कमजोर, ती काढून टाकावी आणि जोमदार तेवढ्या ठेवाव्यात. ऐकायला हे बरोबर वाटतं. पण प्रत्येक कळपात खालची जागा कुणीतरी घेतेच. सर्वांत खालची काढली की तिच्या वरची सर्वांत खालची होते. आक्रमकपणा काही प्रमाणात आईबापांकडून उतरतो, हे निवडीच्या प्रयोगांतून सिद्ध झालं आहे. म्हणून फक्त जबरांची पैदास केली तर भांडकुदळ कळप तयार होतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या विल्यम म्यूर यांनी याच्या उलट वाट धरली. एकट्या कोंबडीची अंडी न मोजता त्यांनी अख्ख्या पिंजऱ्याची अंडी मोजली आणि जे पिंजरे मिळून चांगले चालले त्यांतूनच पुढची पिढी काढली. थोड्याच पिढ्यांत टोचून मरणाऱ्या कोंबड्यांचं प्रमाण खूप खाली आलं आणि अंडी वाढली. १९९६ साली प्रसिद्ध झालेलं हे काम परड्यालाही लागू पडतं. जी कोंबडी स्वतः भरपूर अंडी घालते पण बाकीच्यांना खाऊ देत नाही, तिची अंडी रवणीला घालताना दोनदा विचार करावा.

दुसरा आक्षेप कुक्कुटपालनाच्या शेडवाल्यांचा. हजारो पक्ष्यांच्या शेडमधे कुठं असतो हा क्रम? बरोबर आहे, नसतो. एवढ्या गर्दीत प्रत्येकीला ओळखणं शक्य नसतं, म्हणून तिथल्या कोंबड्या एकमेकींना बऱ्याच अंशी सोडून देतात आणि तुऱ्याच्या आकारासारख्या ढोबळ खुणांवर निभावून नेतात. शेडमधे पिसं उपटण्याची जी रोगट सवय दिसते, तिचा मानाच्या टोचणीशी फारसा संबंध नाही. चरायला, उकरायला न मिळाल्यानं दुसरीच्या पिसांकडं वळलेली ती चोच असते; गर्दी आणि खाद्यातली उणीव तिला खतपाणी घालते. शेडमधला उपाय म्हणून चोचीचं टोक कापलं जातं. तोच सल्ला परड्यापर्यंत पोचतो तेव्हा मात्र नुकसान होतं, कारण परड्यातली कोंबडी चोचीवरच जगते. तिला हवी असते पळायला जागा. दोन कोंबडे मोकळ्यावर भिडले तर मानेची पिसं फुलवून, छातीला छाती लावून चार-दोन उड्या होतात, एक पाठ फिरवून पळतो आणि प्रकरण मिटतं. खुराड्यात पळायला वाट नसते, म्हणून तिथं हरलेला मरतो. झुंजीच्या रिंगणातही वाट बंद केलेली असते, वर पायांना पाती बांधलेल्या असतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं अशा झुंजी लावणं गुन्हा ठरवलं आहे. ‘कोंबडे मरेस्तोवर भांडतात’ हा समज पसरायला मोकळं परडं जबाबदार नाही, ही रिंगणं जबाबदार आहेत.

तिसरी गोष्ट आक्षेपापेक्षा मोहाची आहे: कोंबड्यांवरून माणसांबद्दल बोलण्याची. खुद्द शेल्डेरुप-एब्बे या मोहात पडला आणि १९३५ पर्यंत हुकूमशाही हेच सजीव सृष्टीचं मूळ तत्त्व असल्यासारखं लिहू लागला. आपल्याकडं जन्मानं लादलेल्या उतरंडीला निसर्गाचा दाखला देणारे कमी नाहीत, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं. परड्यातला मान वारशानं मिळत नाही. वरच्या मानाच्या कोंबडीचं पिल्लू आठव्या आठवड्यात आपली जागा स्वतः शोधतं. पिसं गळली, आजार आला, खुडूक बसली की तिचा क्रम बदलू शकतो. आणि तिढा पडला की सर्वांत वरचीलाही कुणीतरी दबवणारी निघते. जन्मावर बेतलेल्या कोणत्याही रचनेला यात आधार सापडणार नाही.

मग परड्यात करायचं काय? नवी कोंबडी आणली की मानमोडी रोगाच्या भीतीनं तिला पंधरा दिवस लांब, वेगळी ठेवावीच लागते. त्यानंतर चार-सहा दिवस ती जाळीपलीकडून दिसेल अशी ठेवावी, आणि एकटी न सोडता दोघी-तिघी मिळून, संध्याकाळी सोडावी. दाणे एकाच पाटीत न टाकता तीन-चार ठिकाणी उधळावेत, म्हणजे खालचीच्याही पोटात काही जाईल. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. जत्रेसाठी थोरला द्यायचाच असेल तर त्याच परड्यात वाढलेला एक धाकटा आधीपासून राखावा. परक्यापेक्षा त्याला कोंबड्या लवकर स्वीकारतात. कोंबडा गेल्यावरही कोंबडीच्या पोटात त्याचं वीर्य साठून राहतं आणि साधारण दोन आठवडे अंडी फळतात. ती अंडी बाजूला काढून रवणीला घातली तर थोरल्याचा वंश परड्यात राहतो. नाही तर वर्षानुवर्षं आपण सर्वांत चांगला कोंबडा कापत जातो आणि उरलेल्यांपासून पुढची पिढी काढत जातो. कोणता राखायचा हे ठरवताना तुऱ्याबरोबर त्याची चोचही बघावी: अळी सापडल्यावर जो आधी कोंबड्यांना बोलावतो, आणि घार फिरताना ज्याची मान सर्वांआधी वर जाते, तो.